अर्धी जुनी, अर्धी नवी पानं

कुणी लिहिलेला प्रोग्रामचा कोड तपासायला आला की ऑफिसात सगळे ज्यांना मामा म्हणत, ते तो कागदावर छापून घेत आणि खिडकीशी उजेडात धरत. कोडच्या आरपार काही दिसत नाही, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. त्यांनाही होतं. पण तरुणपणी त्यांनी परळच्या गिरणीत कापडाचे ताके असेच उजेडात धरून तपासले होते. संपानंतर गिरणी बंद पडली, मामा संगणक शिकले. ही सवय मात्र सुटली नाही.

त्याच गिरणीच्या जागेवर आमचं काचेचं ऑफिस होतं. दाराशी शोभेला एक माग ठेवला होता. "त्यातला धोटा उलटा बसवलाय," मामा रोज सांगत. ऐकणारं कुणी नसे.

मी नवा होतो. पहिली मोठी दुरुस्ती मंजूर झाली तरच नोकरी पक्की होणार होती. मेमरीच्या ठरावीक तुकड्यांना पानं म्हणतात. प्रोग्रामला आपली काही पानं मेमरीतून हलू द्यायची नसतील, तर तो ती सिस्टिमकडून कुलूपबंद करून घेतो. अशी किती पानं घेता येतील, याला मर्यादा असते. आमची सिस्टिम तीच पानं पुन्हा मागितली तर पुन्हा मोजायची आणि "मर्यादा संपली" म्हणून नकार द्यायची. मी ते थांबवलं. साहेबांनी लगेच केक मागवला. त्यावर माझं नाव चुकीचं होतं, पण अभिनंदन बरोबर होतं.

मामांनी माझ्या दुरुस्तीचा कागद खाली ठेवला. "पहिलं पान जुनं दिसलं की तू सगळीच जुनी धरतोस. अर्धी जुनी, अर्धी नवी आली तर?"

"असं कोण मागेल, मामा?"

"गिरणीत बदली कामगार दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत शिरायचे, झिला. गेटवाला घोळक्यातला फक्त पहिला बिल्ला बघायचा."

त्यांनी तशी चाचणी चालवली. मर्यादा ओलांडून नवी पानं बिनदिक्कत आत गेली.

"पण केक आलाय!" साहेब म्हणाले.

"मग कापा. सही उद्या."

मला त्यांचा राग आला. केकही गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकेक पान पाहून फक्त नवी मोजली. मामांनी पाच चाचण्या चालवल्या आणि माझ्या नावाखाली तपासणारा म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"आता चुकलं, तर शिव्या दोघांना."

माझी नोकरी पक्की झाली. मामा निवृत्त होऊन वडाळ्याला लेकीकडे गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

परवा परदेशातून कुणीतरी ईमेलने विचारलं, ती दुरुस्ती नीट तपासली होती का. ईमेल आम्हा दोघांच्या नावे होता. मामांच्या पत्त्यावरचा परत आल्याचं त्याने कळवलं. मी उत्तरात लिहिलं, "मी तपासून पाहिलं आहे." मग 'मी' खोडलं आणि 'आम्ही' लिहून पाठवून दिलं.