घिवलीत कोणी मेलं नव्हतं

सपनाला गप्प राहायचं काम मिळालंय, यावर घिवलीत कोणाचाच विश्वास बसेना. सासू चंद्रकांता म्हणाली, "तुला? गप बसायचा पगार?"

काम तसंच होतं. शहरातून आलेली रूपल किनाऱ्याचे आवाज गोळा करायची. माणसांना न बोलता समुद्रावर चालवायचं, त्यांनी कान द्यायचा, आणि जमलेले आवाज नंतर बोंबील वाळवायच्या बांबूंवर छोटे स्पीकर टांगून गावाला ऐकवायचे. वाट दाखवायला गावातलं कोणीतरी हवं होतं. बोईसरच्या कारखान्यात उभ्याने पॅकिंग करून सपनाचे पाय सुजायचे. हे काम हंगामभर मिळालं तर परत तिकडे जायला नको. अट एकच, पहिल्या फेरीत एक अक्षर बोलायचं नाही.

सकाळी निघालो. पुढे सपना, मागे अनवाणी पाहुण्यांची रांग, मग रूपल, शेवटी तिच्या मदतीला रेकॉर्डर घेऊन मी.

पहिल्याच ओट्यावर भिमीआजी. "कुठं चालली गो सपना?"

सपनाने नुसते हात जोडले आणि मान खाली घालून पुढे गेली. अनवाणी माणसं, तोंड समुद्राकडे, कोणी बोलत नाही. आजीने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्यामागे रांगेत शिरली.

"कोन गेलं?" तिने कानात विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं. "बोलवत पन नाय बिचारीला," ती हळहळली.

पुढच्या घरातून आणखी दोघी आल्या. मग हातातले मासे टाकून खुद्द चंद्रकांता. "माझी सून पुढं चालतेय, नि मलाच पत्ता नाय?"

"एडवणची आत्या असंल," कोणीतरी कुजबुजलं.

"तिला काय धाड भरलीय? कालच फोनवर भांडली माझ्याशी."

सपनाने मागे वळून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. रूपलने खूश होऊन अंगठा दाखवला. तिला वाटलं, गाव सामील झालं.

वाळूवर पाहुणे डोळे मिटून उभे राहिले. पाण्यापाशी जानूकाका होडी लोटत होते. गावात मयत असली की ते होडी काढत नाहीत. रांग बघून त्यांनी बरोबरच्या खलाशांना थांबवलं. पाणी उतरत होतं. अजून जरा वेळ गेला असता तर होडी चिखलात बसली असती, आणि दिवसाची मासळी गेली असती.

सपनाने हात हलवून त्यांना 'जा, जा' केलं. जानूकाकांनी टोपी काढून छातीशी धरली.

"अहो काका, होडी काढा," सपना शेवटी ओरडली. "कोन मेलं नाय."

"मग ही रांग कसली?"

"लाटा ऐकायला आलीत मानसं."

"अनवाणी? नि तू मुकी?"

"कामच हाय तसलं. निघा तुमी आदी."

होडी पाण्यात गेली. इकडे भिमीआजी कमरेवर हात ठेवून उभी. "आता मला आंघोळ लागंल का नाय, तेवढं सांग."

"कशाला? जित्या मानसांबरोबर चालली ना तू?"

रूपल जवळ आली. "सपना, आपलं ठरलं होतं."

"मग तुमी सांगायचं त्यांना, हात नाचवून. मी नाचवले. त्यांनी टोपी काढली."

तेवढ्यात सपनाचा फोन वाजला. "हां आत्या. नाय, कोन मेलं नाय. तू पन नाय."

रूपलने कपाळ चोळलं. जाणाऱ्या होडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी आधी घरोघर सांगून ये."

"सांगून पन येनार, नि वाटेत कोनी विचारलं तर बोलनार पन. वाळूवर पोचलो की गप. हंगामभर. चालंल?"

"चालेल. पण वाळूवर खरंच गप्प."

"ते यांना सांगा."

मागे बायका वाळूत बसून, ही आवई पहिल्यांदा कोणी उठवली यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. पाहुणे अजून डोळे मिटून उभेच. फोन पुन्हा वाजला.

"सफाळ्याची नणंद," सपना म्हणाली आणि तो रूपलच्या हातात कोंबला. "घ्या. हिला तुमीच समजवा."