पट्टा पडण्याआधी

माझ्या मित्राला खगोलभौतिकीतला मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यानं माझं काम चोरलं असं मी गावभर सांगितलं. आमच्या कडेगाव भागात अजून तीच गोष्ट चालते. ती खोटी आहे.

आम्ही दोघं एकाच गावचे. त्याच्या घरी मेंढरं, आमच्याकडं ऊस. पुढं सांगलीच्या एका कॉलेजात दोघंही पदार्थविज्ञान शिकवायचो. आमच्या रानात तारा आणि बांबूंचा अँटेना उभा करून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपायचो. एका हिवाळ्यात, सूर्यावर एकही डाग नसताना, बारीक खरखर मिळू लागली. शांत सूर्याकडूनही लहरी येतात असं वाटून तो हरखला. मी घाबरलो. शेजारी साखर कारखाना धडधडत होता.

"कारखान्याच्या मोटारींची खरखर आहे ही," मी म्हणालो. " लोक हसतील. शोधनिबंधातनं माझं नाव काढ."

"गड्या, पट्टा पडू दे की," तो म्हणाला. हंगाम संपून कारखाना बंद झाला की आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात. "मग कळंल, कारखान्याची हाय का सूर्याची."

"आजच काढ."

त्यानं काढलं. पट्टा पडला, कारखाना गप्प झाला, खरखर राहिली. निबंध त्याच्या एकट्याच्या नावानं गेला. "आता घालू का तुझं नाव?" एवढं तरी त्यानं विचारायला हवं होतं. तो सल आजही जात नाही. पण लोकांना मी अर्धंच सांगितलं.

गेल्या महिन्यात गावच्या शाळेत त्याच्या सत्काराचा विषय निघाला. तरुण सरपंच माझ्याकडं बघून म्हणाला, "आवं आबा, तुमाला फसवणाऱ्याला आमी फेटा बांधायचा व्हय?"

सगळे हसले. मीही हसणार होतो.

"फसवलं न्हाई त्यानं. नाव मीच काढायला लावलं."

"मग इतकी वर्सं आमाला काय सांगत हुता?" सरपंचानं विचारलं.

सत्कार ठरला, आणि त्याला फोन करायचं काम माझ्यावरच आलं. गावाला इतकी वर्षं काय सांगत आलो, ते मी सगळं त्याला सांगितलं.

"लोक मला सांगायचे, तू असं बोलतोस म्हणून," तो म्हणाला. "मी त्यांनाच खोटं पाडायचो रं."

मग म्हणाला, "सत्काराला येतो. तुझ्या घरी चहाला मात्र बोलवू नगोस."