मोहाच्या झाडाखालची आई

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, डावा डोळा गेला, उजवा किती महिने चालेल ते सांगता येत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मी चाळीस वर्षं झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा, रस्ता, देऊळ, जंगल. लोक नटांना पाहायला येतात आणि टाळ्या माझ्या जंगलाला देतात, असा माझा तोरा होता. आता नाटक कंपन्या फ्लेक्स छापून आणतात. माझे पडदे कुठे धानाच्या ढिगावर गेले, कुठे गोठ्याच्या आडोशाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी शोधत होतो तो एकच पडदा, जंगलाचा.

त्या जंगलात मी मोहफुलं वेचणारी माझी आई काढली होती. ती गेली तेव्हा घरात तिचा एक फोटोही नव्हता. वाकलेली पाठ, बाजूला टोपली, आणि वळून हसणारा चेहरा, एवढीच ती या जगात उरली होती. नजर जायच्या आत तो चेहरा एकदा पाहावा, दुसरं काही मागणं नव्हतं. ज्या मंडळाला पडदा दिला ते कधीच मोडलं होतं. वडशापासून गोंडपिपरीपर्यंत विचारत फिरलो. सडला असेल, म्हणाले. नवा काढून घ्या ना भाऊ, असंही कुणी हसत म्हणालं. काढायला बसलो तर आईचं नाकच जमेना, रेघ कुठे ठेवली तेच दिसेना. त्या दिवशी ब्रश भिंतीवर फेकला आणि बायकोवर उगाच ओरडलो.

शेवटी मार्कंड्याच्या महादेवाकडे गेलो. भक्तीनं नाही, भांडायला. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात आधी तुझं नाव लिहिलं, मग रंगाला हात लावला, आणि तू माझे डोळेच नेलेस? पिंडीसमोर मनात नाही नाही ते बोललो. मग वैनगंगेच्या काठी जाऊन बसलो. आता जगायचं कशाला, हा विचार आला आणि बराच वेळ डोक्यातून गेला नाही.

जवळच एक ढिवर बाई जाळं सांधत बसली होती. तिनं विचारलं, काऊन रडून राह्यले भाऊ? अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं, मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात हाय जंगलाचा परदा," ती म्हणाली. "मोहाखाली बाई हाय त्यात. हासून राह्यली."

जाळं गुंडाळून ती माझ्याबरोबर ऑटोत बसली. पोचलो तेव्हा दुपारचा नैवेद्य दाखवला होता. गाभाऱ्याच्या दारावर पडदा ओढलेला, दाराच्या मापानं कापलेला. मी डोळा अगदी जवळ नेला. समोर नुसतं मळकं, ठिगळ लावलेलं कापड. पडदा उलटा लावला होता! माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षांच्या हाताची ही किंमत, असं त्या बाईला फाडकन बोललो. ती चिडली नाही.

"उलटा नाई भाऊ. देव जेवते तवा त्याच्यासमोर कोणी नसते. एकट्याले जेवन जाते काय? म्हनून आमी बायांनी ह्या बाईले आतून बसवलं."

आम्ही भावंडं जेवायचो तेव्हा आई अशीच समोर बसायची. स्वतः नंतर उरलंसुरलं खायची. मी तिथेच पायरीवर बसलो आणि हमसून रडलो.

"तुमची माय हाय," बाई म्हणाली. "पलटवून लावू काय?"

माझा हात पडद्यावर होता. भीतीही वाटत होती, पलटवला आणि ती मला दिसलीच नाही तर?

"राहू द्या," मी म्हणालो. "तिचं काम चालू हाय."

आता उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. सकाळी उठलं की अजून जीव घाबरतो, ते दुःख गेलेलं नाही. त्या बाईचं नाव विचारायचंही राहिलं, पण रोज तिला हात जोडतो. आयुष्यभर लोक माझं काम पाहतात की नाही, हेच मी पाहत आलो. चित्र काढणं तेवढं माझ्या हातात होतं, ते कुणी पाहावं हे नव्हतं. दुपारी घरात ताट वाढल्याचा आवाज आला की मी घास घेण्याआधी थोडा थांबतो. त्या वेळी आई देवाला जेवू घालत असते.