रांग मोडणाऱ्या मावशी

माझ्या बायकोच्या मावशींनी सुधारायला घेतलेली गोष्ट न सुधारता सुटली, असं उदाहरण अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचं नाही. कल्याणच्या एका सरकारी रुग्णालयात त्या मेट्रन होत्या. निवृत्ती तोंडावर आली की माणसं चारधामची चौकशी करतात; मावशींनी ठाण्याच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातलं. विषय काय, तर सरकारी दवाखान्यातल्या लोकांसाठी डिजिटल व्यवस्थापन. ओपीडीबाहेर गरोदर बायका सकाळपासून रांगेत उभ्या असतात, पाय सुजतात त्यांचे. ती रांग मोडल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्यामागे हे काम कोणी हातात घेणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर्गात जे शिकत, त्याचा प्रयोग आधी त्यांच्या वर्तकनगरच्या घरावर होई. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, चहा दिला की मागोमाग त्यांच्या मोबाइलवर विचारणा यायची, सेवा कशी वाटली? काकांनी एकदा पाचपैकी तीन तारे दिले. लगेच दुसरा प्रश्न आला, दोन का कापले? तेव्हापासून काका कप ओठाला लावायच्या आधीच पाच तारे देऊन मोकळे होतात. मी हसायचो खरा, पण दिवसभर वॉर्ड पालथा घालून आलेल्या मावशी चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसल्या, की त्यांच्यापुढे मोठ्याने बोलायचीही माझी छाती होत नसे.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दाराशी गर्दी नको म्हणून मावशींनी कॉलनीतल्या प्रत्येक बाईला मोबाइलवर नंबर पाठवला. नंबर आला की यायचं, हळदीकुंकू, तिळगूळ, वाण घ्यायचं आणि पुढचीला वाट द्यायची. कार्यक्रम बिनचूक झाला. दिवेलागणीच्या आत घर रिकामं, आणि सगळी कॉलनी रुसलेली. नव्या काळ्या साड्या कोणी कोणाच्या पाहिल्याच नाहीत, सुनांच्या तक्रारी पोटातच राहिल्या. शेजारच्या वहिनींनी तर सरळ विचारलं, "मावशी, आम्हाला घालवायची एवढी घाई होती का हो?"

मावशींनी उरलेला तिळगूळ डब्यात भरला. मग मला म्हणाल्या, "जावईबापू, थांबणं वाईट नाही. उभं राहणं वाईट."

कॉलेजसाठी त्या ओपीडीच्या रांगेवर जो प्रकल्प करत होत्या, त्यात बायकांना नंबर लागल्यावरच घरून बोलवायचं ठरलं होतं. ते त्यांनी रद्द केलं. केसपेपर काढला की टोकन, व्हरांड्यात बाकं, आणि नंबर पडद्यावर. लांबून एकट्या येणाऱ्या पोरींना चार बायकांत बसून बोलायला मिळणं हेही औषधच आहे, असं त्यांनी परीक्षकांना सांगितलं. मार्क बेताचेच पडले. टोकन आणि बाकांसाठी मात्र त्यांनी रुग्णालयातल्या वरिष्ठांना इतकं भंडावलं, की निवृत्तीच्या आठवड्यात दोन्ही आली.

परवा त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो होतो. व्हरांडा भरलेला, कोणीही उभं नाही. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या सिस्टर नवीन, तिथे मावशींना ओळखणारं कोणी नाही. त्या सवयीने भिंतीशी उभ्या राहून सगळं न्याहाळत होत्या. पोट सावरत एक मुलगी बाकावर सरकली.

"बसा ना मावशी. इकडे उभं नाय राहायला लागत. नंबर आला की बोलवतात."

या कोण आहेत ते मी तिला सांगणार होतो. मावशींनी माझा हात दाबला. सगळ्या नोकरीत त्या व्हरांड्यात त्या कधी बसल्या नव्हत्या. पदर सावरून त्या तिच्याशेजारी बसल्या आणि कितवा महिना ते विचारू लागल्या.