उरलेली एक ठिणगी

माझा धाकटा भाऊ जितू, म्हणजे प्रसेनजीत, अमेरिकेत नेमकं काय करतो हे सांगून सांगून मी दमले होते. मुरगूडच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणून लोक मलाच धरतात. डॉक्टर झाला म्हणता, मग दवाखाना कुठाय? आणि सापडलं का काही? या दुसऱ्या प्रश्नाला तर कित्येक वर्षं माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

तिथल्या प्रचंड यंत्रात अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवतात. त्या टकरीतून कुणी न पाहिलेला एखादा चिवट कण जन्मत असेल, तर तो लगेच फुटणार नाही. उपकरणाच्या धातूत अडकून बसेल आणि सावकाश, टकरी थांबलेल्या असताना फुटेल. बाकीचे टकरी बघत, जितू मधली शांतता बघायचा. त्या शांततेतही ठिणग्या पुष्कळ उडतात, पण बहुतेक आकाशातून येणाऱ्या किरणांच्या. त्या एकेक करून बाद करायच्या, हे त्याचं काम. तारुण्य त्यात गेलं, केस गेले, ठरलेलं लग्नही मोडलं. दर वर्षी नोकरीची मुदत वाढवून घ्यायची आणि दर वर्षी हाती काही लागलं नाही म्हणून लिहून द्यायचं. मला त्याचा राग यायचा आणि फोन ठेवल्यावर रडूही यायचं.

२००७च्या उन्हाळ्यात त्यानं फोनवर सांगितलं, सगळं बाद करून एक ठिणगी उरली आहे. ती टिकली तर कायमची नोकरी. अजून तपासतोय, कुणाला बोलू नका, हेही बजावलं. पण आमच्या वडिलांच्या, आबांच्या पोटात काही राहत नाही. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस, पोरानं काहीतरी करून दाखवलं हे ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. त्यांनी आकारामला सांगितलं. आकाराम आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष, आणि कोल्हापुरात कुणाची म्हैस व्याली तरी चौकात डिजिटल फलक लागतो. जितूचाही लागला, दुमजली घराएवढा: 'विश्वातला नवा कण शोधणारा आपला ढाण्या वाघ'. खाली गॉगल लावलेली मंडळाची पोरं.

पुढं जितू आला, तेव्हा सुट्टीवर आलाय असं सगळ्यांना वाटलं. मी आणायला गेले, तर स्टँडवरच मला म्हणाला, "अक्का, ते न्हाई टिकलं." आकाशातल्या किरणाचीच ठिणगी होती ती. किरणाची वाट टिपणारा उपकरणाचा एक भाग नेमका त्या वेळी बंद होता, म्हणून ओळख पटली नव्हती. नोकरीही संपली होती. रिक्षा चौकात वळली तसा त्याला फलक दिसला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी मात्र मनातल्या मनात आकारामला शेलक्या शिव्या घातल्या.

संध्याकाळी समाजमंदिरात सत्कार होता. बुद्धवंदना झाली, फेटा बांधला, आणि हातात माईक आल्यावर जितूनं सरळ सांगून टाकलं की ठिणगी ओळखण्यात चूक झाली होती, कण सापडलेला नाही, तो कुठं नाही एवढंच मी सांगू शकतो. सवयीनं काहींनी टाळ्या वाजवल्या, मग त्याही थांबल्या. आकाराम हातात नारळ घेऊन तसाच उभा राहिला. पहिल्या रांगेतून आबा उठले.

"चूक कुणी धरली?"

"मीच, आबा."

"दुसऱ्या कुणाला घावली असती का?"

"घावली असती. वरीसभरानं."

आबा एकदम म्हातारे दिसायला लागले. "मग वरीसभर गप बसायचं व्हतंस की," ते म्हणाले. सगळ्या मंदिरानं ऐकलं.

खरं बोला म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. आबांनी बोलून दाखवलं, इतकंच.

जितू चिडला नाही. "बसलतो की, आबा," तो हळूच म्हणाला. "चार दिस बसलतो. घास गिळंना."

आबांनी पुढं होऊन स्वतःच्या हातानं त्याचा फेटा उतरवला.

"चल घरला," ते म्हणाले. "आधी जेवून घे."