कंदाची डोकी

डहाणूच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून, बड्या लोकांचं एक हॉटेल होतं. साठ सालानंतर काही वर्षं तिथलं स्वयंपाकघर मी सांभाळलं. मसोलीतल्या चिकूवाडीवाल्याच्या मुलाने लोकांची ताटं मांडावीत हे घरी कुणालाच पटलं नव्हतं. मला मात्र त्या नोकरीची भारी मिजास होती.

हिवाळ्यात मुंबईचे पाहुणे खास उकडहंडी खायला येत. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालपापडी, रताळी आणि रानातले कंद भरायचे, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. कंद आणायची सायवनकडच्या पाड्यावरची एक बाई. कंद खणला की वेलाकडचं डोकं कापून ती त्याच खड्ड्यात पुरायची. पुढच्या वर्षीचा कंद त्यातूनच येतो.

ते तुटके कंद मालकांच्या डोळ्यांत खुपायला लागले. पाहुण्यांसमोर केळीच्या पानावर सबंध कंद मांडायचं त्यांच्या मनात आलं. मी बाईला फर्मान सोडलं, डोक्यासकट आण.

"मंग पुढल्या साली काय खणू, शेट?" तिने विचारलं. "पावसात दाणा सरला का आमी तेच खातो."

"डोकी मी जपून ठेवतो. उन्हाळ्यात येऊन घेऊन जा," मी म्हणालो. बोलायला काय जातं!

तिने विश्वास ठेवला. त्या हिवाळ्यात अख्खा डोंगर खणून तिने कंद आणले. पाहुण्यांनी ते हातात घेऊन पाहिले, मालकांनी माझी पाठ थोपटली. मडक्यात भरताना कापलेली डोकी भाजीच्या देठांबरोबर उकिरड्यावर जात होती. मला ते दिसत होतं.

वैशाखात ती आली. डोकी सुकू नयेत म्हणून टोपलीत ओला पाला अंथरून आणला होता. तो पाला पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं ते सांगून टाकलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लगबगीने कोठीतले बटाटे तिच्या टोपलीत भरले.

तिने टोपली उचलून वजन अजमावलं. "चार दिस जातील यात," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गुजरातेतून बागायती कंद मागवले. पाहुण्यांना फरक कळला नाही. ती पुन्हा आली नाही. त्या पावसात तिच्या घरी काय शिजलं, हे विचारायला मीही कधी सायवनला गेलो नाही.