फरशी वाळेपर्यंत थांबा

आमच्या घरात आबांच्या जाण्याची सगळी तयारी झाली होती. फक्त फरशी वाळायची बाकी होती.

आबा म्हणजे माझे सासरे. जिनिंग फॅक्टरीत जन्मभर मुकादमी केलेला माणूस. सरकीच्या पोत्यासारखा घट्ट आणि तितकाच खरखरीत. त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम बंद केलं, तेव्हा अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून सांगितलं, "आता घरी न्या. काय हवं नको ते बघा. सेवा करा."

"मोठ्यानं बोला ना साहेब," पलंगावरून आबा ओरडले. "मरून मी राहिलो अन् कुजबुजून तुमी राहिले!"

अकोल्याचं आमचं घर म्हणजे कापसाच्या एका दलालानं हौसेनं बांधलेला बैठा बंगला. आबांनी तो विकत घेतला तेव्हा दलालाची हौस संपली होती, बंगला उरला होता. आबांना घरी आणलं त्या दिवशी त्यांच्यासाठी भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग आमच्या ह्यांनी एकट्यानं उचलायचं ठरवलं (ह्यांना अशा वेळी अंगात काहीतरी संचारतं) आणि बैठकीत तो धाडकन पाडला. मोझॅकच्या फरशीचा टवका उडाला. मी रागारागानं तुकडे गोळा करायला वाकले, तर खालून एक फूल माझ्याकडे बघत होतं.

ओलं फडकं फिरवलं. गेरूच्या रंगाचं फूल, शेवाळी पानं, दुधावरच्या सायीसारखी जमीन! सिमेंटच्या जुन्या रंगीत फरश्या. मी अमरावतीची, त्यातून हौशी. मी तिथंच टाळ्या वाजवल्या. "अहो, खाली सगळी बाग आहे!"

खुर्चीत बसवलेल्या आबांनी मान वळवून ते फूल पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या सासूले याच फरशीवर खाली घेतलं होतं. मंग येता-जाता मले ते जागाच दिसे. म्हून मोझॅक टाकून झाकली."

आमच्याकडे माणूस पलंगावर जाऊ देत नाहीत. अखेर जवळ आली की त्याला जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात. माझ्या सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या. त्या कशा होत्या हे मला फक्त फोटोवरून आणि आबांच्या न बोलण्यावरून ठाऊक.

"सूनबाई," आबा म्हणाले, "मलेही तिथंच घ्या. या फुलायवर. होईन का?"

त्या माणसानं मला आजवर दोनच गोष्टी मागितल्या होत्या, चहा आणि आणखी चहा. "होईल आबा! नक्की होईल!" मी छातीवर हात ठेवून म्हणाले. (माझ्यासारख्या नाटकात काम केलेल्या बाईनं शब्द देऊ नये. ती तो फार मोठ्यानं देते.)

शेषराव मिस्त्री आले. फरशी पाहून म्हणाले, "वैनी, कायले खोदता? वरून नवी टाइल मारतो. चकाचक! तोंड दिसन तोंड!"

"मला तोंड नको, फुलं हवीत."

"मंग टेन्शन घेऊ नका," असं म्हणून त्यांनी छिन्नी लावली, आणि पहिल्याच घावात दोन फुलं फोडली. "जुनं मटेरियल," ते खिन्नपणे म्हणाले.

ठोकाठोकीनं घर हादरायला लागलं. पलंग मधल्या खोलीत होता, पण धूळ काय दार ठोठावून येते? मी आबांच्या तोंडावर ओला पंचा टाकला. त्याच वेळी शेजारचे भोजाभाऊ विचारपूस करायला आले. धुराळ्यात त्यांना दिसलं ते असं: पांढराफटक आबा, तोंडावर कापड, आणि कपाळाला हात लावून बसलेली मी. (मिस्त्रींनी तिसरं फूल फोडलं होतं.) भोजाभाऊंनी ओट्यावर बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला, की गल्लीतून माणसं धावली. कुणी फोन लावला, कुणी बांबूची चौकशी सुरू केली.

पंचाखालून आवाज आला, "कोन गेलं बे?"

भोजाभाऊ त्यानंतर आमच्याकडे येताना रस्त्यातूनच हाक मारत. "आबाजी, आहे काय?"

"आहे!" आबा ओरडत. "फरशी व्हायची हाय अजून!"

मोझॅक निघालं, पण फुलांवर सिमेंटचा पांढरा थर तसाच राहिला. ह्यांनी संडासाच्या अॅसिडची बाटली आणली. मिस्त्री म्हणाले, नका. (मिस्त्रींचं आयुष्यात एकदाच बरोबर आलं आणि नेमकं तेव्हा मी ऐकलं नाही.) मी खिडकीजवळच्या कोपऱ्यात ओतलं. फरशी फसफसली, धूर निघाला, आबा आतून खोकत म्हणाले, "किडन्या झाल्या, आता फुप्फुसं बी घे!" आणि पाण्यानं धुतल्यावर गेरूची फुलं अशी फिकी निघाली, जशी महिनाभर आजारी असावीत.

तेवढ्यात दर्यापूरहून नणंद आल्या, कुसुमताई. गंगेच्या पाण्याची तांब्याची लोटी, तुळशीचं रोप आणि एक लांब चेहरा घेऊन. कोपरा पाहिला आणि लोटी खाली ठेवली.

"वैनी! आईले इथंच खाली घेतलं होतं. याच कोपऱ्यात! तुमी तिच्या जागेवर अॅसिड टाकलं?"

मी रिकामी बाटली पायानं मागं सरकवली. पण आमचे हे म्हणाले, "काहीही काय ताई. आई दारापाशी होती."

"तू ढोरं बांधाले गेला होता. मी होती इथं!"

"अन् तू रडून-रडून बेशुद्ध झाली होती. तुले काय दिसलं?"

दोघं बहीण-भाऊ साठीला टेकलेले, आणि मेलेल्या आईची जागा ठरवण्यावरून असे भांडले की मिस्त्रींनी छिन्नी लपवली. शेवटी सगळे आबांकडे गेले. आबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "डोये मिटले की दिसते," ते म्हणाले. "उघडले की जाते." आणि डोळे मिटून घेतले.

मी मग वेड्यासारखी कामाला लागले. पाणी, काथ्या, लाकडी पट्टी. गुडघे सोलले, नखं झिजली, फूल-फूल मोकळं केलं. आबा पलंगावरून विचारत, "किती राहिलं?" मी सांगे, "अर्धं झालं आबा." त्यांचे पाय सुजत चालले होते, बोलणं तुटत चाललं होतं. फुलं वर येत होती आणि माणूस खाली जात होता. मला दोन्ही दिसत होतं. मी फुलांकडे बघत होते, एवढंच.

अखेर फरशी स्वच्छ झाली. पण रंग कोरडे दिसत होते. मोबाइलवर एका बाईनं सांगितलं, जवसाचं तेल लावा, पातळ हात द्या. तेलाच्या घाण्यावरून मी डबा आणला. आता तुम्हीच सांगा, वऱ्हाडातल्या बाईला तेलाचा पातळ हात कुठून ठाऊक असणार? मी फोडणीच्या हिशेबानं ओतलं! फुलं अशी उमलली, की मिस्त्रीसुद्धा म्हणाले, "आयला, वैनी!"

पण तेल काही वाळेना. भादव्याची दमट हवा. सकाळी बोट लावलं, चिकट. दुपारी लावलं, चिकट. घरातले सगळे पंखे बैठकीत नेऊन लावले. कूलरही. आबा मधल्या खोलीत घामानं निथळत. "फरशीले हवा पायजे," ते पुटपुटले. "मले आता काय करायची."

आणि त्याच दुपारी त्यांचा श्वास बदलला. कुसुमताईंनी आबांच्या छातीवर हात ठेवला आणि ह्यांना म्हणाल्या, "दिलीप, वेळ झाली. खाली घ्या आबाले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! फरशी ओली आहे!"

मिस्त्रींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"थांबा?" कुसुमताई म्हणाल्या. "यमाले सांगू का, तेल वाळल्यावर ये म्हून? चला, आधी शेणानं सारवून घ्या जागा."

"शेण?" मी किंचाळले. "ह्या फरशीवर शेण?"

तेव्हा आबांनी डोळे उघडले. फार लांबून आल्यासारखा आवाज होता. "शेन नको वं कुसुम. फुलं झाकतीन."

ते शेवटचं फर्मान. आबांना पलंगावरच्या चादरीतच उचलायचं ठरलं. चार टोकं चौघांच्या हाती: हे, कुसुमताई, शेषराव मिस्त्री आणि मी. दारात आलो. "खिडकीपाशी!" ताई म्हणाल्या. "दारापाशी!" हे म्हणाले, आणि म्हणता-म्हणता त्यांचा पाय तेलावर पडला.

पुढचं सगळं फार हळू घडलं. हे बसले. ताई त्यांच्यावर बसल्या. मिस्त्री "वैनी, टेन्शन..." एवढंच म्हणू शकले. मी माकडहाडावर अशी आदळले की डोळ्यांपुढे काजवे नाचले. पण चादर आधीच जमिनीला टेकली होती. आबांना साधा धक्काही लागला नाही. ते आपले चादरीसकट सरकत निघाले. दारही सोडलं, खिडकीही सोडली, आणि खोलीच्या मधोमध, तीन फुटक्या फुलांच्या पलीकडे, अलगद थांबले.

आम्ही चौघं जमिनीवर पसरलेलो. आबांनी हात बाजूला टाकला, तळव्यानं एक फूल चाचपलं.

"हेच," ते म्हणाले. "इथंच होती."

खरंच तीच जागा होती, की लेकरांचं भांडण मिटवायला म्हणाले, मला आजही माहीत नाही. कुसुमताई गुडघ्यांवर रांगत गेल्या, लोटीतलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. हे पाय धरून बसले. मला उठता येईना, म्हणून मी लांबूनच हात जोडले. थोड्या वेळानं पंख्यांचाच आवाज राहिला.

रडारड झाली. पण तेवढ्यावर थांबेल तर ते आमचं घर कसलं? बाहेर तिरडी तयार झाली, माणसं आत आली, आबांना उचलायला वाकली, आणि चादर निघेना! तेलानं तिला घट्ट धरलं होतं. भोजाभाऊंनी जोर लावला, तशी ती चर्रर्र आवाज करत सुटली. भोजाभाऊ दोन पावलं मागे उडाले. "आबाजी," ते हुंदका देत म्हणाले, "निघनं नाही होत काय तुमच्यानं?"

तेराव्यापर्यंत मला बसता आलं नाही. माकडहाड! आल्यागेल्याला मी उभीच दिसे. बायका एकमेकींना सांगत, "सासऱ्याच्या दुःखात सून टेकली नाही बाई." मी डोळे पुसून मान हलवे. कुसुमताई खिडकीतून बाहेर बघत.

आता तेल पक्कं वाळलंय. बैठकीच्या मधोमध चादरीची वीण तेलात उमटून राहिली आहे, माणसाएवढी लांब. लोक फरशी बघायला येतात, तारीफ करतात आणि हळूच विचारतात, हा डाग कसला? मिस्त्री परवा म्हणाले, घासून काढतो. मी त्यांना छिन्नीसकट बाहेर काढलं. तिथं कुणी चप्पल घालून गेलं तर माझा आवाज चढतो. आमचे हे दारातून खिडकीकडे जाताना वळसा घालून जातात.

मात्र ह्यांना आणि मुलांना मी बजावून ठेवलंय, माझी वेळ आली तर मला आपलं पलंगावरच राहू द्या. उगीच खाली घेऊ नका, फरशी खराब होते.